चॅरिटी राइड: इंदूरच्या बाइकवाल्यांना विचारले जाणारे प्रश्न

हिवाळ्यात इंदुरात जवळपास दर रविवारी कुठली ना कुठली राइड निघते. त्यातल्या बऱ्याचशा कुणाच्या तरी मदतीसाठी असतात, निदान बॅनरवर तरी तसं लिहिलेलं असतं. पहिल्यांदा येणाऱ्यांचे, घरच्यांचे आणि देणगी देणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आयोजकांनी पैशांबद्दलचे प्रश्न आधी वाचावेत, चालवणाऱ्यांनी रस्त्याबद्दलचे.

नुसते पैसे दिले तर चालत नाही का? पेट्रोल कशाला जाळायचं?

हा प्रश्न टाळू नका, हिशेब मांडा. इंदूर ते महेश्वर जाऊन-येऊन साधारण १९० किलोमीटर. लिटरला ३५ चं मायलेज धरलं तर साडेपाच लिटर, म्हणजे गाडीमागे ६०० रुपयांच्या आसपास. ५० गाड्या असल्या तर ३०,००० रुपये धुरात गेले. तिथे जाऊन १५,००० रुपयांची ब्लँकेटं वाटली, तर ती चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला. लोकांनी हसावं, असाच तो प्रकार.

पण त्या हिशेबाला दुसरी बाजू आहे. ते ३०,००० रुपये एरवी कुठल्या संस्थेला मिळालेच नसते. ही मंडळी रविवारी तशीही मांडूला नाहीतर जाम गेटला जाऊन भजी खाऊन आली असती. म्हणून तुलना करायची ती नुसत्या भटकंतीशी. आणि खरा पैसा राइडवाल्याच्या खिशातून येतच नाही, तो त्याच्या ओळखीच्या वीस जणांकडून येतो. हे जमलं तर राइडला अर्थ आहे.

आमचा ठोकताळा असा: गाडीमागे जमलेली रक्कम पेट्रोलच्या खर्चाच्या किमान तिप्पट हवी. तेवढी जमत नसेल तर मार्ग लहान करा. देवास जाऊन-येऊन ७५ किलोमीटरच्या आसपास पडतं, उज्जैन ११०. राइडची मजा त्यात फार कमी होत नाही.

मग लोक येतात तरी कशासाठी? खरं सांगा.

बहुतेक जण गाडी चालवायला येतात. हे मान्य करायला लाजू नये. आठवडाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये कापड पांघरून उभ्या असलेल्या बुलेटला निमित्त हवं असतं, आणि घरी सांगायला कारणही हवं असतं. ‘एका संस्थेसाठी जातोय’ म्हटलं की रविवारची सकाळ सुटते.

मात्र निमित्त म्हणून आलेला माणूस टिकतो वेगळ्याच गोष्टीमुळे. स्वतःसाठी हात पसरायला कुणालाच जमत नाही, कामासाठी मागायला जमतं. गणपतीच्या वर्गणीचं पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरलेल्या कुणालाही हे सांगायला नको: मंडळाचं नाव आणि तारीख हातात असली की संकोच गळून पडतो. राइड ही तशी तारीख देते. ‘मी अमुक रविवारी या मुलांच्या श्रवणयंत्रांसाठी गाडी चालवतोय, तुझे किती लिहू?’ हे वाक्य ऑफिसात सहज बोलता येतं. तारखेशिवाय तीच मागणी महिनोन्‌महिने राहून जाते.

काही राइड कुणाच्या तरी आठवणीत निघतात. अपघातात गेलेला मित्र, कर्करोगाने गेलेले वडील. तिथे येणाऱ्यांना भाषण नको असतं. शोकसभेत अवघडून बसण्यापेक्षा शंभर किलोमीटर शेजारी-शेजारी चालवणं त्यांना सोपं जातं. पन्नाशीच्या पुढचे पुरुष या राइडना जास्त दिसतात, त्याचंही कारण बहुधा हेच. चहाच्या टपरीवर हेल्मेट काढल्यावर जे बोलणं निघतं ते घरी निघत नाही.

नव्या चालवणाऱ्यांना, विशेषतः एकट्याने हायवेला न गेलेल्या मुलींना, मार्शल (वाट दाखवणारे आणि गट सांभाळणारे स्वयंसेवक) असलेल्या गटात पहिली लांब राइड करायला मिळते. आणि हो, फोटोसाठी येणारेही असतात. असू द्या, वर्गणी दिली की झालं.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेल इथे १९८४ साली ‘लव्ह राइड’ सुरू झाली, स्नायूंच्या दुर्धर आजारासाठी निधी उभारायला. आज जगभर सर्वांत माहीत असलेली ‘डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड’ २०१२ मध्ये सिडनीत सुरू झाली. सूट-टाय घालून जुन्या धाटणीच्या गाड्या चालवायच्या आणि प्रोस्टेट कर्करोग व पुरुषांचं मानसिक आरोग्य या कामांसाठी पैसा उभा करायचा. भारतातल्या अनेक शहरांतही ती निघते.

तिच्याकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे पैशांची रचना. नोंदणी फुकट असते. प्रत्येक राइडर आपलं पान उघडतो आणि ओळखीच्यांकडून त्यावर देणगी गोळा करतो. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: ७०० रुपये प्रवेश शुल्क घ्यायचं, टी-शर्ट द्यायचा, आणि उरलं तर दान.

टी-शर्ट नसेल तर लोक येतील का?

येतील, थोडे कमी येतील. समजा ५० जणांकडून ७०० रुपये घेतले, जमा झाले ३५,०००. टी-शर्ट प्रत्येकी २५० प्रमाणे १२,५००. मार्शल आणि मदतनीस धरून ६० जणांचे पोहे-जिलबी-चहा प्रत्येकी ८० प्रमाणे ४,८००. बॅनर आणि स्टिकर २,०००. अँब्युलन्स उभी ठेवायची तर ४,०००. एकूण खर्च २३,३००, संस्थेला उरले ११,७००. म्हणजे रुपयातले तेहतीस पैसे.

त्याच हिशेबातून टी-शर्ट काढला की संस्थेला २४,२०० जातात. टी-शर्ट हवाच असेल तर तो एखाद्या दुकानदाराकडून प्रायोजित करून घ्या, किंवा ज्याला हवा त्याने वेगळे पैसे भरून घ्यावा. आयोजकाच्या पदराला खार लागू नये हे बरोबर, पण देणगीदाराच्या पैशातून कपडे शिवणंही बरोबर नाही.

पैसे कुणाच्या खात्यात घ्यायचे?

थेट संस्थेच्या. ग्रुपच्या ॲडमिनच्या यूपीआयवर घेऊ नका, तो कितीही सज्जन असला तरी. कारण अगदी व्यावहारिक आहे: त्याच्या वैयक्तिक खात्यात चार दिवसांत दीड लाख आले की ते त्याचं उत्पन्न नाही हे सिद्ध करणं त्याच्यावर येतं, आणि देणगीदाराला पावतीही मिळत नाही.

संस्थेकडून त्यांचा क्यूआर कोड मागवा. पोस्टरवर छापण्याआधी एक रुपया पाठवून समोर नाव काय दिसतं ते पाहा. देणाऱ्याला ‘शेरा’ या रकान्यात राइडचं नाव आणि स्वतःचं नाव लिहायला सांगा, नाहीतर संस्थेच्या लेखनिकाला कुठले ५०० रुपये कुणाचे ते कळत नाही. स्क्रीनशॉट हा पुरावा धरू नका, तो सहज बनवता येतो. रोज संध्याकाळी संस्थेकडून खात्याचा उतारा घेऊन यादीशी ताडून पाहा.

चहा-नाश्त्याचा खर्च वेगळ्या वर्गणीतून करा. दोन्ही पैसे एकत्र झाले की नंतर कुणाच्या बापाला ते वेगळे करता येत नाहीत.

८०जीची (आयकरात वजावट मिळवून देणारी) पावती मिळेल का?

संस्थेची नोंदणी चालू असेल आणि पैसे थेट तिच्याकडे गेले असतील तर मिळेल. अडचणी ठरलेल्या आहेत:

२,००० रुपयांच्या वरची देणगी रोखीने दिली तर वजावट मिळत नाही. वस्तू दिल्या (ब्लँकेट, वह्या, किराणा) तरी मिळत नाही. नवी करप्रणाली घेतलेल्याला पावतीचा या कामासाठी उपयोग नाही. देणगीदाराचा पॅन दिला नसेल तर संस्था आपल्या वार्षिक विवरणात त्याचं नाव भरू शकत नाही, आणि मग आयकरातला दावा अडकतो. पॅन राइडच्या आधी घ्या. नंतर फोन उचलले जात नाहीत.

टी-शर्ट आणि नाश्ता मिळणारं प्रवेश शुल्क ही देणगी नव्हे. त्याची ८०जी पावती मागू नका.

मुलगा अमेरिकेत आहे, त्याला तिथून संस्थेला देणगी पाठवायची आहे.

त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर अडचण नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर तो पैसा परकीय देणगी ठरतो आणि एफसीआरए (परकीय देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येतो. आजोबांच्या खात्यात पाठवून पुढे द्यायची पळवाट काढू नका, त्यात संस्था गोत्यात येते.

तिकिटं विकून लकी ड्रॉ काढला तर?

पैसे घेऊन सोडत काढणं म्हणजे लॉटरी, आणि खासगी लॉटरी कायद्याला चालत नाही. हेल्मेट बक्षीस द्यायचंच असेल तर सर्वांत जास्त देणगीदार जोडणाऱ्याला द्या.

पैसे द्यावेत की वस्तू?

आधी फोन करा. हे लिहायची गरज पडू नये, पण पडते. डिसेंबरात प्रत्येक ग्रुप ब्लँकेट घेऊन निघतो आणि एकाच वृद्धाश्रमात तीन रविवारी तीन गठ्ठे पोचतात. त्यांना हवे असतात प्रौढांचे डायपर, रक्तदाबाच्या गोळ्या, गिझरची दुरुस्ती, थकलेलं वीज बिल. यातलं काहीच फोटोत चांगलं दिसत नाही, म्हणून कुणी आणत नाही.

संस्थेला तीन गोष्टी विचारा: या महिन्यात कशाची तूट आहे, वस्तू कुठल्या मापाची किंवा कंपनीची चालते, आणि ती उतरवून घ्यायला कोण असेल. औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीप्रमाणे संस्थेने स्वतः घ्यावीत, तुम्ही दुकानदाराचं बिल भरा.

वस्तू गाडीवर बांधून नेऊ नका. एका ब्लँकेटचं वजन दीड-दोन किलो, दहा बांधली की मागचं चाक दबतं, टेल लाइट झाकला जातो, आणि खड्ड्यात गठ्ठा एका बाजूला सरकतो. त्याहून वाईट म्हणजे दोरीचं सुटलेलं टोक. ते वाऱ्याने फडफडत खाली येतं, चेनमध्ये जातं, स्प्रॉकेटभोवती दोन वेढे घेतं आणि चालत्या गाडीचं मागचं चाक जाम होतं. इलॅस्टिकची बंजी असेल तर तिचा लोखंडी हूक सुटून मागच्याच्या अंगावरही येतो. सामान छोट्या हत्तीतून पुढे पाठवा. भाडं लागेल, पण हाडं शाबूत राहतील.

संस्थेतल्या मुलांबरोबर फोटो काढले तर चालतील का?

नाही. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७४ मनाई करतं, आणि त्यात चेहरा दिसणारा फोटोही येतो. संस्थेच्या व्यवस्थापकाने ‘काढा हो’ म्हटलं तरी काढू नका. फोटो गाड्यांचे काढा, सामानाचे काढा, व्यवस्थापकांना धनादेश देतानाचा काढा. वह्या हातात धरून रांगेत उभी केलेली मुलं हे दृश्य तसंही बघवत नाही.

परवानगी कुणाची लागते?

इंदूर शहरात डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे. त्यामुळे अर्ज आयुक्तालयात, त्याची प्रत वाहतूक पोलिसांना आणि जिथून निघणार त्या ठाण्याला. शहराची हद्द संपली की इंदूर ग्रामीणचे पोलीस वेगळे. महेश्वर-मंडलेश्वर खरगोन जिल्ह्यात येतं, धामनोद धार जिल्ह्यात. तिकडच्या ठाण्यांना निदान लेखी कळवून ठेवा.

अर्जात तारीख, जमण्याची आणि निघण्याची वेळ, रस्त्यांच्या नावासह मार्ग, गाड्यांची संख्या, दोन आयोजकांचे फोन, संस्थेचं पत्र आणि परतीची वेळ लिहा. दहा-पंधरा दिवस आधी द्या आणि पोच घ्या. शिक्का मारलेली प्रत लीड (सर्वांत पुढचा चालक) आणि स्वीप (सर्वांत मागचा) दोघांकडे असू द्या. सणावाराला किंवा निवडणुकीच्या काळात जमावबंदीचे आदेश निघतात (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे बीएनएसएसच्या कलम १६३ खाली, पूर्वीचं १४४). आदल्या दिवशी ठाण्यात एकदा विचारून घ्या.

दसरा मैदानासारखी मोकळी जागा जमायला सोयीची, राऊच्या दिशेने लगेच बाहेर पडता येतं. मैदानाची परवानगी मात्र वेगळी काढावी लागते. राजवाड्यासमोर जमून फोटो काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. पाच गाड्यांचं ठीक, पन्नासांचं नाही.

मार्ग कुठला घ्यावा?

महेश्वर सर्वांचं आवडतं, आणि इंदूरच्या मराठी माणसाला अहिल्याबाईंच्या गावी जायला कारण लागत नाही. दोन रस्ते आहेत. ए.बी. रोडने (आग्रा-मुंबई रस्त्याने) मानपूर-धामनोदमार्गे रस्ता रुंद आहे, पण गणपती घाटाच्या उतारावर ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन वर्षानुवर्षं अपघात झाले आहेत. तिथे दुचाकी ट्रकच्या पुढे राहिली की मागून काय येतंय ते कळत नाही.

दुसरा रस्ता महू, जाम गेट, मंडलेश्वर. हा अरुंद, वळणाचा आणि सुंदर. माळव्याचं पठार साधारण साडेपाचशे मीटरवर आहे आणि महेश्वर दीडशेच्या आसपास, म्हणजे चारशे मीटर उतरायचं आहे. वरून थंडीत जाकीट घालून निघालेला माणूस निमाडात (नर्मदेकाठच्या सखल भागात) उतरल्यावर घामाघूम होतो, तेव्हा आत सुती टी-शर्ट हवाच. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये इंजिनच्या ओढीने वेग धरा. मागचा ब्रेक दाबून धरत उतरलात तर ड्रम तापतो आणि खालच्या वळणांवर ब्रेक लागेनासा होतो. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये उतरणं हा पेट्रोल वाचवण्याचा मूर्खपणा आहे.

जाम गेटवर रविवारी कमालीची गर्दी असते. सेल्फीवाल्यांच्या गाड्या वळणावरच उभ्या असतात. पन्नास जणांचा थांबा तिथे ठेवू नका, महूत चहा घ्या आणि पुढचा थांबा मंडलेश्वरला. महेश्वरला घाटाकडच्या गल्ल्यांत गाड्या घालू नका, बाहेर उभ्या करून चालत जा.

ओंकारेश्वर ८० किलोमीटरच्या आतबाहेर, वाटेत सिमरोल आणि भेरूघाट. २०२८ च्या सिंहस्थाच्या तयारीने उज्जैन आणि ओंकारेश्वरच्या दिशेने रस्त्यांची कामं काढलेली आहेत, म्हणून आठवडाभर आधी दोघांनी मार्ग चालवून पाहावा. वळसा कुठे आहे, खडी कुठे पसरली आहे, पेट्रोल पंप कुठे बंद आहे, हे लिहून आणा. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, पण नाक्यावर सर्वांत डावीकडची वाट घ्या.

तारीख कधीची ठेवावी?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं असतं, सातच्या आधी हायवेवर निघू नका. रंगपंचमीच्या दिवशी इंदुरात गेर (रंग उधळत निघणारी मोठी मिरवणूक) असते, त्या दिवशी राइडचा विचारसुद्धा करू नका. श्रावणात उज्जैन आणि ओंकारेश्वरच्या रस्त्यांवर कावडिये असतात. पावसात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर येते आणि तिच्यावर दुचाकी साबणावरून गेल्यासारखी सरकते. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनचे ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय फिरतात. एप्रिल-मे मध्ये निमाडाचं ऊन सोसवणार नाही.

एवढ्या गाड्या एकत्र चालवायच्या कशा?

एकत्र चालवायच्याच नाहीत. सहा-सात गाड्यांचे गट करायचे.

कारण साधं आहे. ताशी ५० च्या वेगाला गाडी सेकंदाला १४ मीटर जाते. एकेका सेकंदाचं अंतर ठेवून ५० गाड्या चालल्या तर रांग ७०० मीटर लांब होते. दुपदरी रस्त्यावर एवढी रांग ओलांडणं कुठल्याही कारवाल्याला शक्य नाही, मग तो मध्ये घुसतो, समोरून बस येते, आणि कुणीतरी गटारात जातो. गटांमध्ये दोन-दोन मिनिटांचं अंतर ठेवून सोडलं तर आठ गट चौदा मिनिटांत सुटतात आणि मध्ये वाहनांना जागा राहते.

गटात रांग तिरकी. पहिला आपल्या लेनच्या उजव्या भागात, दुसरा डाव्या भागात त्याच्या एक सेकंद मागे, तिसरा पुन्हा उजवीकडे. म्हणजे तुमच्या सरळ पुढच्या गाडीपासून दोन सेकंद मिळतात. शेजारी-शेजारी गप्पा मारत चालवायचं नाही. खड्डा चुकवायला बाजूची जागा मोकळी लागते. घाटात, वस्तीत, धुक्यात आणि खराब रस्त्यावर एकेरी रांग.

सर्वांत नवखा चालक लीडच्या लगेच मागे ठेवा. शेवटी ठेवला की त्याची दमछाक होते, कारण रांग रबरासारखी ताणते: पुढचा ताशी ५० वर असताना शेवटचा अंतर भरून काढायला ७० वर जातो. लीडने हायवेला ६० आणि घाटात ३०-४० च्या वर जाऊ नये. वेग शेवटच्या माणसाने ठरवायचा असतो. स्वीप अनुभवी हवा. त्याच्याकडे पंक्चर किट, प्रथमोपचार पेटी आणि फोनची पॉवर बँक हवी, आणि त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही.

फाट्यांवर चुकामूक होते ती ठरलेली. उपाय असा: फाटा आला की लीडच्या मागचा पहिला मार्शल तिथे थांबून दिशा दाखवतो आणि स्वीप आला की पुन्हा गटात येतो. प्रत्येक जण आरशात मागचा दिसतो का ते पाहतो. मागचा दिसेनासा झाला तर आपण वेग कमी करायचा. आपल्या पुढचाही तेच करतो आणि निरोप आपोआप लीडपर्यंत जातो.

आणि पेट्रोल आदल्या रात्री भरा. पन्नास गाड्या, दोन नोझल, गाडीमागे दोन मिनिटं, हिशेब तुम्हीच करा. उन्हं वर येतात.

सिग्नलला मार्शलने रस्ता अडवून सगळ्यांना एकदम सोडावं का?

पोलीस सोबत नसतील तर नाही. तो अधिकार आपल्याला नाही, आणि अडवलेल्या गाड्यांत अँब्युलन्सही असू शकते. सिग्नलला गट तुटला तर तुटू द्या, पुढच्याने मोकळ्या जागी थांबावं.

सायलेन्सर बदललेला आहे, चालेल का?

दान मागायला निघालाय आणि अख्ख्या वस्तीला शिव्या द्यायला लावताय. एम.वाय. हॉस्पिटलसारख्या रुग्णालयांभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र असतात. बहुतेक चांगले आयोजक अशा गाड्यांना सकाळीच परत पाठवतात. पोलिसांनी अडवलं तर दंड तुमचा, आणि गट अर्धा तास खोळंबतो.

गाडीची काय तयारी करावी?

आठवडाभर आधी, आदल्या रात्री नव्हे. आदल्या दिवशी मेकॅनिककडे टाकलेली गाडी राइडमध्ये हमखास बंद पडते, कारण नवीन घातलेला भाग चालवून पाहिलेलाच नसतो.

टायरची हवा थंड असताना, गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. मागे कुणी बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो. चेनचा ढिलेपणा बहुतेक गाड्यांत २५ ते ३० मिलिमीटर, नक्की माप पुस्तिकेत. क्लच केबलची टोकं पाहा: लिव्हरपाशी एखादी तार तुटून वर आली असेल तर केबल दिवस मोजतेय, लगेच बदला. ब्रेक पॅड, ब्रेक लाइटचे दोन्ही स्विच (पुढचा आणि मागचा), इंजिन ऑइल. गटात ब्रेक लाइट न लागणारी गाडी मागच्याच्या जिवावर उठते.

तारेच्या बहुतेक चाकांत ट्यूब असते, तिला ट्यूबलेसचं किट चालत नाही. स्वीपला आधीच सांगा, म्हणजे जास्तीची ट्यूब सोबत राहील.

एअर-कूल्ड इंजिनं शहरातल्या ताशी दहाच्या मिरवणुकीत फार तापतात आणि अर्धा क्लच दाबून सरकत राहिल्याने क्लच प्लेट जळतात. म्हणून शहरातली फेरी लहान ठेवा आणि सकाळी लवकर उरका.

जुनी येझदी किंवा राजदूत आणता येईल?

जरूर. लोक तिलाच बघायला थांबतात. हळू चालवून टू-स्ट्रोकचा प्लग काळा पडतो, म्हणून एक जादा प्लग आणि प्लगपाना खिशात ठेवा. सहा व्होल्टचा दिवा पहाटेच्या धुक्यात कुणाला दिसत नाही, गटात मध्ये राहा.

इलेक्ट्रिक स्कूटर?

शहरातल्या फेरीला उत्तम. महेश्वरला नको: परतीचा घाट बॅटरी झपाट्याने खातो.

बायको-मुलांना मागे बसवून आणू का?

मागे एकच जण, त्यालाही आयएसआय हेल्मेट आणि पूर्ण बूट. चार वर्षांखालच्या मुलाला हार्नेस आणि हेल्मेट लागतं आणि वेग ४० च्या वर नेता येत नाही, म्हणजे हायवेच्या राइडला ते शक्यच नाही. घरच्यांना कारने संस्थेच्या ठिकाणी बोलवा. मदतीला हात तिथेच हवे असतात.

राइड आणि रक्तदान एकाच दिवशी ठेवलं तर?

नको. रक्तदानात ३५० ते ४५० मिली रक्त जातं. बहुतेकांना काही होत नाही, पण कुणाला तासा-दोन तासांनीही भोवळ येते, आणि ती जाकीट-हेल्मेट घालून उन्हात गाडी चालवताना आली तर पुढचं सांगायला नको. शिबिर वेगळ्या रविवारी ठेवा. तारीख ठरवताना लक्षात असू द्या, दोन रक्तदानांमध्ये पुरुषांना ९० दिवस आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर लागतं.

विमा चालतो का अशा राइडला?

साध्या राइडला चालतो. शर्यत आणि वेगाच्या चाचण्या पॉलिसीतून वगळलेल्या असतात, म्हणून पोस्टरवर ‘रेस’, ‘चॅलेंज’ असले शब्द टाकू नका. फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नाही. मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर आहे का ते पाहा, आणि मागे बसणाऱ्याचं कव्हर वेगळं विचारा. आयोजकाने ‘जबाबदारी माझी’ अशा कागदावर सही घेतली म्हणून त्याची स्वतःची हयगय माफ होत नाही.

अपघात झाला तर?

फक्त त्या गटाने थांबायचं. बाकीचे गट पुढे जाऊन मोकळ्या जागी उभे राहतात. पन्नास जणांनी रस्त्यावर गर्दी केली की दुसरा अपघात होतो. एकाने दोनशे पावलं मागे जाऊन वाहनं हळू करायची, एकाने १०८ किंवा ११२ ला फोन, राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ सुद्धा. किलोमीटरचा दगड वाचून सांगा. ‘ढाब्याजवळ’ म्हटल्याने कुणाला काही कळत नाही.

जखमीचं हेल्मेट घाईने ओढू नका. पाणी पाजू नका. श्वास चालतोय का ते पाहा आणि मान हलू देऊ नका. रुग्णालयात पैशांवरून अडू नका: २०२५ च्या केंद्राच्या योजनेप्रमाणे नेमलेल्या रुग्णालयात अपघातग्रस्तावर पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार होतात. प्रत्येकाचा रक्तगट आणि घरचा नंबर असलेली यादी लीड आणि स्वीपकडे छापील असू द्या, कारण घाटात नेटवर्क जातं. राइड संपली की ती यादी फाडून टाका.

राइड झाल्यावर हिशेब कधी आणि कसा द्यायचा?

सात दिवसांच्या आत, एका पानावर. किती गाड्या आल्या, संस्थेच्या खात्यात किती गेले, खर्चाची वर्गणी किती जमली, कशावर गेली, किती उरले. बिलांचे फोटो सोबत. गणपती मंडळं जमाखर्च फळ्यावर लावतात तसा तो सर्वांना दिसेल असा हवा. रक्कम कमी असली तरी लावा. हिशेब न लावलेल्या ग्रुपच्या दुसऱ्या राइडला गाड्या येतात, देणग्या येत नाहीत.

दोन-तीन महिन्यांनी दोघांनी संस्थेत जाऊन पैशाचं काय झालं ते पाहून यावं, बॅनर न घेता. पुढच्या वर्षी मागताना सांगायला तेच उपयोगी पडतं.

आमच्याकडे फक्त आठ गाड्या आहेत. एवढ्यात होईल का?

जास्त चांगलं होईल. ना अँब्युलन्स, ना टी-शर्ट, ना मार्शलांची फौज. आठ जणांनी प्रत्येकी वीस ओळखीच्यांकडून २०० रुपये मागितले तर ३२,००० होतात, आणि देवासपर्यंतचं पेट्रोल आठ गाड्यांचं मिळून दोन हजारांच्या आत. ठाण्याला कळवा, एक लीड, एक स्वीप ठरवा, संस्थेला फोन करून काय लागतंय ते विचारा आणि रविवार पक्का करा.